आधी जेवणारी सून

माझ्या सुनेचे दंड बघून परवा गल्लीतली रंभाबाई म्हणाली, "काकू, तुमची सून बाप्यासारखी दिसाय लागली की वो."

मी म्हणलं, "बाप्ये तरी दिसतेत का तसे? तुझ्या नवऱ्याचा दंड दाव बघू जरा."

रंभाबाईचा नवरा दिवसभर पानटपरीवर बसतो. त्याचा दंड म्हणजे शेवग्याची शेंग. ती हसली, पदर सावरला आणि गेली. पण गावातली बोलणी काय थांबत नाहीत. कोण म्हणतं सुनेनं औषधं घेतली, कोण म्हणतं इंजेक्शन घेतलं, कोण म्हणतं म्हातारीचा धाक राहिला नाही. शेवटचं तेवढं खरं आहे. बाकीचं खोटं आहे, म्हणून झालं तसं लिहून काढते.

माझी सून शकुंतला. वय सत्तेचाळीस. माझा मुलगा बाळू सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला जातो आणि शकुंतला गेली तेरा वर्षं आमच्या कुंभारीच्या बाजूच्या एका शाळेत पोरांची खिचडी करते. दोघी बायका कामाला. दुसरी दुधनीची नीलम्मा. तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती निवडायची, चिरायची, वाढायची. आणि चुलीवरचं मोठं जर्मनचं पातेलं उचलून व्हरांड्यात न्यायचं काम शकुंतलाचं. भरलेलं पातेलं पस्तीस किलोचं. अकरा वर्षं एकटीनं उचललं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

दोन वर्षांमागं श्रावणातल्या एका गुरुवारी ते पातेलं तिच्या हातातून सुटलं. व्हरांड्याच्या पायरीवर कड हापटली आणि खिचडी अंगणभर झाली. देवाची कृपा, कोणतं पोरगं जवळ नव्हतं. तिच्या पायावर थोडी उडाली, तेवढ्यावर भागलं. पोरांनी त्या दिवशी बिस्किटं खाल्ली आणि कुत्र्यांनी खिचडी.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष गुरुलिंग अण्णा दुपारीच आले. पांढरे कपडे, खिशाला पेन. हेडमास्तरांना म्हणाले, "शकुंतलाबाईंच्यानं आता व्हत न्हाय. वय झालं. माझ्या मेव्हण्याची सून रिकामी हाय, जवान हाय."

हेडमास्तर भले गृहस्थ. ते म्हणाले, "अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही हो त्यांचा. एकदम कसं काढायचं?"

अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "बरं. हे साल जाऊ द्या. शिपाई लावंल हात. पण जूनला नवा करार करताना बाईंनी पातेलं एकटीनं उचलून दावायचं. उचललं तर सही, न्हायतर राम राम."

शकुंतला घरी आली ती पाय बादलीत घालून बसली. रडली नाही. मला म्हणाली, "आत्या, ते काम गेलं तर मी फकस्त घरातली राहीन." एवढंच. ते काम म्हणजे तिचं सकाळी नऊ ते दुपारी दोन कुणीतरी असणं होतं. दीडशे पोरं तिला 'खिचडीमावशी' म्हणून हाक मारायची, रस्त्यात, बाजारात, एस्टीत. घरात तिला हाक मारायची म्हणजे "पाणी आण" एवढीच.

आता माझी चूक सांगते. मी म्हणलं, "शके, सिद्धेश्वराला बोल. एकवीस दिवसाचं व्रत धर. रोज पहाटं आंघोळ करून, काही न खाता, पाण्यानं भरलेलं तपेलं एकवीस वेळा उचल. एकभुक्त राहा. देव ताकत देईल."

आमच्यात कशालाही हाच उपाय. ऊस वाळला, उपास. पोरगी नापास झाली, उपास. तिचे तर आधीच किती! सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार स्वामींचा, महिन्याच्या दोन एकादश्या, एक चतुर्थी, आणि श्रावणात शनिवार वरकड. सगळे मीच लावलेले. एक मूल व्हावं म्हणून, एक बाळूची दारू सुटावी म्हणून, एक घर बांधून व्हावं म्हणून. मूल झालं, त्या अक्षताचं लग्नही झालं, दारू सुटली, घर झालं. कारणं संपली, उपास राहिले.

शकुंतलानं व्रत धरलं. पहाटे अंगणात तपेल्याचा आवाज यायचा, मी आतून मोजायची आणि मनात खूश व्हायची. बाराव्या दिवशी तिचं पोलकं अंगावर पोतं घातल्यासारखं दिसाय लागलं. तेराव्या दिवशी नववं उचलताना कमरेत असा काही झटका आला, की ती तिथंच ओणवी राहिली. सरळ होता येईना, खाली बसता येईना. बाळूनं आणि मी धरून आत आणलं. एरंडेल गरम करून मी पाठ चोळत होते आणि ती पालथी पडून भिंतीला बोलत होती.

"आत्या, देवाला काय मागत हुते मी?"

"ताकत."

"आन अंगाला देत हुते काय? शाबू."

मी चोळत राहिले.

"तुमी दिलेलं उपास तुमाला परत," ती म्हणाली. "सोमवारचा ठेवते, तो माज्या मनानं धरलाय. बाकीचं घ्या माघारी."

"अगं, दिलेले उपास कोण माघारी घेतं का?"

"मग ठेवा फळीवर. मी काय करत न्हाय."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "पाठ बरी झाली की शुक्रवार पेठेत तालमीत जाणार हाय. संगं येताव का? एकट्या बाईनं गेलं तर तुमीच म्हणणार, का गेली." हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मी गेले.

शुक्रवार पेठेतल्या त्या तालमीत एका बाजूला जुना कुस्तीचा मातीचा हौदा आणि दुसऱ्या बाजूला लोखंडाची यंत्रं. चालवणारा नंदीश, पस्तिशीचा, बापाच्या मागं तालीम सांभाळणारा. दुपारी तीन ते पाच बायकांची वेळ. सात-आठ बायका घाम पुसत चालायच्या पट्ट्यावर चालत होत्या. मला एका स्टुलावर बसवलं. नंदीशनं वही काढली.

"किती किलो कमी करायचं, मावशी?"

"कमी न्हाय. वाढवायचंय."

त्यानं वर बघितलं. "वजन?"

"ताकत. पस्तीस किलोचं पातेलं. चुलीवरनं व्हरांड्यात, चौदा पावलं. जूनपातूर."

पट्ट्यावरच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "मावशी, आमची थोडी न्या की, लई शिल्लक हाय." पण नंदीश हसला नाही. त्यानं वही मिटली.

"खाता काय?"

"भाकरी-आमटी."

"कवा?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"सगळ्यांचं झाल्यावर उरतंय काय?"

शकुंतलानं माझ्याकडं बघितलं नाही. मीच भिंतीवरचा मारुती बघाय लागले. कारण आमच्या घरची रीत मला माहीत. आमटीतला घट्ट गोळा बाप्यांच्या ताटात, वरचा कट बाईच्या. अंडी आणली तर दोन बाळूला, आणि तिच्या वाटचं ती म्हणायची, "मला आवडत न्हाय." वीस वर्षं मी खरं मानलं. मलाही माझ्या सासूसमोर आवडत नव्हती.

नंदीश म्हणाला, "मावशी, व्यायाम मी शिकवीन. पण अंग कटावर भरत न्हाय. डाळ, मटकी, हुलगा, शेंगा, दूध-दही, चालत असंल तर अंडी. आन पोटभर. ते घरात जमत असंल तर उद्यापासनं या. जमत नसंल तर माजी फीबी वाया, तुमची पाठबी वाया."

त्याच संध्याकाळी जमलं. म्हणजे जमवलं. साडेपाचला शकुंतलानं भाकरी थापली, मोडाच्या मटकीची उसळ केली, दोन अंडी उकडली आणि चुलीपुढंच ताट घेऊन बसली. सहा वाजता बाळू कारखान्यातून आला. त्यानं चप्पल काढली आणि दारातच थांबला.

"काय, आज आदीच बसली?"

"व्हय."

"मी येणारच हुतो की."

"या की. ताट घ्या, उसळ पातेल्यात हाय."

"आन अंडी?"

"ही माजी. तुमाला पायजे तर उकडून घ्या. पाणी ठिवलंय."

बाळूनं माझ्याकडं बघितलं. आईनं काहीतरी बोलावं, असं त्याचं तोंड झालं होतं. खरं सांगते, तोंडात आलंही होतं. पण तिची पाठ मी चोळली होती, मणके बोटाला मोजता येत होते. मी म्हणलं, "बाळू, वरची थाळी घे. खालची चेपलीय."

बाळू दोन दिवस धुसफुसला. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं आपणच काहीतरी करावं, म्हणून तो एक मोठा डबा घेऊन आला. डब्यावर एक माणूस, गांधीलमाशा चावल्यासारखा सगळीकडून सुजलेला. "कारखान्यातली पोरं घेतात. दुधात घालून प्यायचं. हे घे आन आदी जेवायचं नाटक बंद कर," असं त्याचं म्हणणं. मी चमचाभर जिभेवर ठेवून बघितलं. चुन्याच्या निवळीत साखर घातल्यासारखं लागलं.

शकुंतलानं डबा नंदीशला दाखवला. तो म्हणाला, "मावशी, ह्यात काय काय हाय ते मला सांगता येत न्हाय. मटकीत काय हाय ते सांगता येतंय."

डबा माघारी गेला. तिनं बाळूला एवढंच सांगितलं, "पावडर प्याली तरी मी आदीच जेवणार हाय."

तालमीत तिला एक गोष्ट मात्र पटेना. एक दिवस नंदीश वाळूचं पोतं खांद्यावर देऊन उठबशा काढायला लावायचा. एक दिवस जमिनीवरची लोखंडी दांडी उचलायची. एक दिवस जाड दोर ओढायचा आणि वजन डोक्यावर ढकलायचं. आणि मध्ये एक-एक दिवस काहीच नाही. "नुसतं घरी बसा, खावा, झोपा." महिना-दीड महिन्यानं पुन्हा सगळं बदलायचं. शकुंतलाचं म्हणणं, मला पातेलंच उचलायचंय तर रोज पातेलंच का नको? आणि रिकामा दिवस तर तिला चोरी केल्यासारखा वाटायचा. अकरा वर्षं खाडा नाही केलेली बाई.

नंदीशनं तिला काही तरी समजावलं, अंग कसं तुटतं, कसं भरतं. तिला समजलं नाही. मला समजलं. रिक्षात मी म्हणलं, "शके, वर्षानुवर्षं एकाच रानात ज्वारीच पेरली तर काय हुतंय? कणीस बारीक पडतंय. म्हणून आपण बेवड बदलतो. एक साल हुलगा, एक साल तूर, आन कधी कधी रान नुसतंच पड ठेवतो. पड ठेवल्यालं रान झोपत नसतं. ते आतनं तयार हुत असतं."

ती म्हणाली, "मग तपेल्याच्या टायमाला हे का न्हाय सुचलं?"

मी रिक्षावाल्याला म्हणलं, "जरा बेतानं चालव बाबा."

दिवाळी झाली, संक्रांत झाली. सकाळी हुलग्याचं माडगं गूळ घालून, दुपारी शाळेतनं निघताना पदरात बांधलेले भाजके शेंगदाणे, संध्याकाळी दोन भाकरी आणि वाटीभर घट्ट काहीतरी, झोपताना दूध. खिचडीतलं मात्र ती पोरांचं म्हणून घास घेत नव्हती. गुरुवारी गल्लीतल्या बायका मुद्दाम विचारायच्या, "काय शकुंतला, आज स्वामींचा वार, अन् भाकरी?" ती म्हणायची, "स्वामींनी कवा म्हणलं, बाई उपाशी मार म्हणून? तुमाला म्हणले असतील तर तुमी मरा." असलं बोलणं माझ्या घरात यापूर्वी झालं नव्हतं. मला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या, पण चेहरा मी कडक ठेवायची.

फेब्रुवारीत तिच्या पोलक्याची बाही उसवली. ती हात वर करून फळीवरचा डबा काढत होती आणि टर्रकन आवाज आला. तिनं हात खाली घेतला, दंडाकडं बघितलं, दुसऱ्या हातानं दाबून बघितला. कोणी बघत नाही असं तिला वाटलं होतं.

त्याच महिन्यात गिरणीत गुरुलिंग अण्णा भेटले. शकुंतलाच्या खांद्यावर ज्वारीचं अर्धं पोतं. अण्णा चार माणसांत म्हणाले, "शकुंतलाबाई, ऐकलं ते खरं का? खिचडी करायची सोडून कुस्ती धरली म्हणे!"

"खिचडी उचलायचीच हाय अण्णा," ती पोतं खाली न ठेवता म्हणाली. "तुमी त्याला कुस्ती केली."

एप्रिलचं ऊन काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. तालमीचा पत्रा तापून आत भट्टी व्हायची. तिचं मनगट त्यात दुखावलं, नंदीशनं पंधरा दिवस दांडीला हात लावू दिला नाही. वजनकाट्यावर उभी राहिली तर आठ महिन्यांत तीन किलो वाढलेलं. ती खट्टू झाली. "एवढं खाल्लं, एवढं केलं, आन तीन?"

नंदीश म्हणाला, "तीनच. पण भाड्याचं न्हाय, सोताचं हाय. कुणी माघारी मागणार न्हाय."

मे महिन्यात नीलम्मा काम सोडून दुधनीला मुलाकडं निघाली. गुडघे संपले होते. जाताना शकुंतलाचा दंड धरून म्हणाली, "अक्का, त्या अण्णाला साकु साकु म्हणायला लाव." म्हणजे बास, बास. तिच्या जागेवर इंद्रायणी नावाची सव्वीस वर्षांची पोरगी घ्यायचं ठरलं होतं. पोरगी कामसू, पण अंगानं खराट्याची काडी. दुसरी जागा शकुंतलाची, आणि तिच्यावर अण्णांच्या मेव्हण्याच्या सुनेचा डोळा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. त्या दिवशी मी आपली काठी घेऊन शाळेत जाऊन बसले. व्हरांड्यात टेबल, टेबलावर कराराचे कागद, खुर्चीत अण्णा, शेजारी हेडमास्तर. पोरं ताटल्या घेऊन रांगेत. इंद्रायणी चुलीपाशी उभी, भेदरलेली. खिचडी शिजली. शकुंतलानं पदर खोचला, दोन फडकी ओली करून कड्यांना गुंडाळली. पाय रोवले. कमरेत न वाकता गुडघ्यात बसली, जशी तालमीत बसायची, आणि उठली.

पातेलं तिच्याबरोबर उठलं.

पहिली दोन पावलं मी मोजली. पुढची पोरांनी मोजली. "तीन! चार! पाच!" हेडमास्तरांनी गप्प बसवलं नाही. पायरीवर ती थांबली, ती जुनीच पायरी, पाय चाचपला, चढली. चौदाव्या पावलाला टेबलापुढं आली. मानेच्या शिरा टरारलेल्या, घाम हनुवटीवरून गळतोय, वाफ तोंडावर.

अण्णा म्हणाले, "बरं बरं. ठेवा ठेवा."

ती म्हणाली, "सही करा."

"अवं, ठेवा की आदी. सही काय पळून जातीय व्हय?"

"मागं पातेलं सुटलं तवा तुमी लगीच आला हुता. आता पातेलं धरलंय तर लगीच सही करा."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. टोपण निघेना. हेडमास्तरांनी आपलं पेन पुढं केलं. अण्णांनी सही केली. शकुंतलानं कागदावर नजर टाकली, मग पातेलं खाली ठेवलं. आवाज न करता ठेवलं.

"शाब्बास," अण्णा म्हणाले. मन मोठं करून म्हणाले, तेवढं त्यांचं मानते. "आता काळजी मिटली. दहा वरसं बघाय नको."

"बघाय पायजे," शकुंतला म्हणाली. "उद्यापासनं हे पातेलं दोघी उचलणार. एकटीनं कुणी उचलायचं न्हाय. मीबी न्हाय, ही पोरगीबी न्हाय. हेडमास्तर, हे कागदात लिवा."

अण्णा हसले. "आता तर एकटीला जमतंय की! मग दोघी कशाला?"

"जमतंय म्हणूनच सांगतीय. जमत नसतं तर तुमी माजं ऐकलं असतं व्हय?"

हेडमास्तरांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. पोरांची रांग वळून वर्गांच्या बाजूला गेली होती, पातेलं अजून तिकडं न्यायचं होतं. शकुंतलानं एक फडकं सोडून इंद्रायणीच्या हातात दिलं. पोरीनं पलीकडची कडी धरली.

"कमरेत वाकू नको," शकुंतला तिला म्हणाली. "गुडघ्यात बस. आन सकाळी काय खाऊन आलीस ते आदी सांग."